खरंही आणि तिरकसही

रविवारी सकाळी अकरा वाजता कॉलेजातला मुलगा डोळे चोळत स्वयंपाकघरात येतो आणि आई म्हणते, "या राजे! झाली का झोप? चहा इथेच घेणार, की पलंगावर आणून देऊ?" हे बोलणं उपरोधाचं आहे, असं कोणीही सांगेल. पण उपरोधाची जी व्याख्या आपण शाळेत शिकतो, म्हणजे बोलायचं एक आणि सुचवायचं त्याच्या उलट, ती इथे लावून पाहिली की अडचण येते. 'राजे'च्या उलट काय? नोकर? आईला तसं म्हणायचं नाही. चहा देण्याच्या उलट काय? न देणं? चहा तर मिळणारच आहे, आलं घालून. तिचा राग खरा आहे, तिची मायाही खरी आहे. आणि 'राजे' हा शब्दसुद्धा पुरता खोटा नाही, कारण या घरात त्याची बडदास्त राजासारखीच ठेवली जाते आणि ती ठेवणारी तीच आहे.

अशा बोलण्याला या लेखापुरतं 'अर्धा उपरोध' म्हणू. पूर्ण उपरोधात उच्चारलेला अर्थ ऐकणाऱ्याने टाकून द्यायचा असतो. अर्ध्या उपरोधात तो टाकता येत नाही. तो जिवंत राहतो आणि त्याच्या शेजारी दुसरा अर्थही जिवंत असतो. मराठी माणसाचं घरातलं, गल्लीतलं आणि देवापुढचं बोलणं समजून घ्यायचं तर हा फरक पक्का कळायला हवा, असं मला फार वाटतं. नुसतं 'उपरोध' म्हणून मोकळं झालं की त्या बोलण्यातला अर्धा जीव निसटतो.

आधी पूर्ण उपरोध पाहू. अकराव्या शतकातल्या काश्मीरमधला मम्मट 'काव्यप्रकाश'मध्ये एक उदाहरण देतो. ज्याच्यावर घोर अन्याय झाला आहे असा माणूस अन्याय करणाऱ्यालाच म्हणतो, की तुम्ही माझ्यावर किती उपकार केलेत, केवढा चांगुलपणा दाखवलात, असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखाने जगा. इथे उपकार म्हणजे अपकार, चांगुलपणा म्हणजे दुष्टपणा. एकेक शब्द उलटा करून वाचायचा. शास्त्रात याला विपरीतलक्षणा म्हणतात. आपल्या रोजच्या भाषेत "दिवे लावलेस!" किंवा "उपकारच झाले तुमचे!" ही त्याच जातीची वाक्यं. तिथे दिवाही नसतो आणि उपकारही नसतो. युरोपातही हीच समजूत फार जुनी आहे. रोममधल्या क्विंटिलियनने पहिल्या शतकात उपरोधाचं वर्णन असंच केलं, आणि विसाव्या शतकात पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या निबंधातही उपरोध म्हणजे शब्दांच्या उलट अर्थ असंच गृहीत धरलं.

अर्ध्या उपरोधासाठी मात्र मम्मटाच्याही दोनेकशे वर्षं मागे जावं लागतं. नवव्या शतकात, काश्मीरचा राजा अवंतिवर्मा याच्या काळात, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दांत न सांगितलेला अर्थ वाचकापर्यंत पोचतो कसा, हा त्याचा प्रश्न. उच्चारलेल्या अर्थाचं पुढे काय होतं, यावरून त्याने ध्वनीचे प्रकार पाडले. नावं लांबलचक आहेत, पण ती समजून घेण्याचे कष्ट घ्यावेत अशी आहेत.

एक प्रकार अत्यंततिरस्कृतवाच्य. इथे उच्चारलेला अर्थ संपूर्ण बाजूला सारला जातो. मम्मटाचे 'उपकार' इथे बसतात. दुसरा प्रकार अर्थांतरसंक्रमितवाच्य. इथे शब्दाचा मूळ अर्थ मरत नाही, तो दुसऱ्या, अधिक भरलेल्या अर्थात जाऊन मिसळतो. "आई ती आईच" असं आपण म्हणतो तेव्हा दुसऱ्या 'आई'चा अर्थ 'जन्म देणारी बाई' एवढाच उरत नाही. पोरासाठी उपाशी राहणारी, रागावून पुन्हा जवळ घेणारी, असं सगळं त्यात येऊन बसतं. तरी ती आईच असते. तिसरा प्रकार विवक्षितान्यपरवाच्य, म्हणजे जे बोललं ते खरोखर म्हणायचंच आहे, पण त्याचा रोख त्याच्या पलीकडे आहे.

आता स्वयंपाकघरातलं वाक्य पुन्हा घ्या. 'राजे' हा शब्द अर्थांतरात गेलेला आहे. सिंहासन वगैरे गळून पडलं, पण 'ज्याच्या दिमतीला माणसं आहेत असा' हा भाग टिकला, किंबहुना ठळक झाला. "चहा आणून देऊ?" हा प्रश्न मात्र खरा आहे, मुलगा 'दे' म्हणाला तर ती बहुधा देईलही. त्या प्रश्नाचा रोख तेवढा अकरा वाजण्याकडे आहे. म्हणजे एकाच दमातल्या बोलण्यात उच्चारलेल्या अर्थाच्या दोन वेगळ्या गती आहेत, आणि दोन्हींत तो अर्थ जिवंत आहे. आनंदवर्धनाची ही वर्गवारी उपरोधासाठी केलेली नाही, तिचा विषय सगळं काव्य आहे. घरगुती बोलण्याला ती मी लावतो आहे. पण ती इतकी नेमकी बसते, की आपल्याच परंपरेत अशी मोजपट्टी असताना ती शाळेत कधी हाती दिली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

शाळेत हाती येते ती व्याजस्तुती. अलंकारांच्या यादीत तिची व्याख्या दोन ओळींत उरकते: बाहेरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा बाहेरून स्तुती आणि आतून निंदा. मुलं ती पाठ करतात, आणि पुष्कळांना 'व्याज' या शब्दाशीच ठेच लागते, कारण मराठीत व्याज म्हटलं की बँक आठवते. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, सोंग, बहाणा. तो जुना अर्थ मराठीत एका शब्दात अगदी शाबूत आहे: निर्व्याज. निर्व्याज प्रेम म्हणजे ज्यात कसलंही सोंग नाही असं प्रेम. कर्जाला आपण 'निर्व्याज' म्हणत नाही, 'बिनव्याजी' म्हणतो. भाषेने दोन अर्थांसाठी दोन दारं वेगळी ठेवली आहेत.

'व्याजस्तुती' या समासाची गंमत अशी की तो दोन तऱ्हांनी सोडवता येतो. व्याजाने, म्हणजे निंदेच्या बहाण्याने केलेली स्तुती. किंवा व्याजरूप स्तुती, म्हणजे जी स्तुती हेच सोंग आहे. मम्मटाने हे दोन्ही विग्रह दिले आणि एकाच नावाखाली दोन्ही दिशा घेतल्या. त्याच्या आधीच्या दंडीने 'काव्यादर्शा'त फक्त पहिली दिशा मानली होती. त्याचं उदाहरण मला फार आवडतं. कवी राजाला सांगतो: ही पृथ्वी परशुरामाने, एका तपस्व्याने, सुद्धा जिंकली होती. तुम्ही राजे असून तीच जिंकलीत, तेव्हा गर्व करू नका. वरवर राजाचा पाणउतारा. आतून राजाला परशुरामाच्या पंगतीत नेऊन बसवलं.

सोळाव्या शतकात दक्षिणेतल्या अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंदा'त आणखी नेमकी उदाहरणं दिली. गंगेला एकजण विचारतो, तुला काही विवेक आहे का? पापी माणसांना तू स्वर्गात नेतेस! दुसरीकडे एक नायिका प्रियकराकडे पाठवलेल्या आपल्या दूतीला शाबासकी देते: माझ्यासाठी किती सोसलंस, दातांच्या आणि नखांच्या खुणासुद्धा अंगावर घेतल्यास! त्या खुणा कोणाच्या आणि कशाच्या, हे दोघींनाही ठाऊक आहे. एकाच्या निंदेतून दुसऱ्याची निंदा करण्यालाही दीक्षितांनी वेगळं नाव दिलं, व्याजनिंदा. ब्रह्मदेवाला सांगायचं, की ज्याने तुझं एकच डोकं छाटलं तो दोषी आहे. एकच का छाटलं, हा त्याचा दोष.

ही उदाहरणं चमकदार आहेत, पण बारकाईने पाहिली तर त्यांतली बहुतेक अर्धी नाहीत. गंगेची निंदा ऐकणाऱ्याला क्षणात कळते आणि विरून जाते, मागे शुद्ध स्तुती उरते. मुखवटा घातला तो काढण्यासाठीच. खरा अर्धा उपरोध भेटतो तो मुखवटा निघत नाही तिथे, आणि त्यासाठी पंढरपूरच्या वाटेला लागावं लागतं.

वारकरी संतांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. कीर्तनकार आणि अभ्यासक त्याला निंदास्तुती म्हणतात. जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणते आणि कानावर हात ठेवावेत असे शब्द त्याला ऐकवते. नामदेव रुसतो, अडून बसतो. तुकाराम देवाला कठोर म्हणतो, भिकारी म्हणतो, ऋणकऱ्याला धरावं तसं त्याला धरतो. याला नुसती व्याजस्तुती म्हटलं, तर निंदा हे सोंग ठरतं आणि तिच्याकडे बघून हसून पुढे जाता येतं. पण तुकारामाची तक्रार सोंग कशी म्हणायची? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्याचं दुकान बुडालं, पहिली बायको आणि मुलगा गेले. असा माणूस देवाला 'तुला दया नाही' असं म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला खरा जखमेचा अर्थ आहे. आणि तोच माणूस त्या देवाशिवाय कोणाकडे तक्रार घेऊन जात नाही, यात स्तुती आहे. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. जनाबाईचंही तेच. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई देवाला एकेरीत झापते, तेव्हा त्यात तिचे कष्टही असतात आणि तिचा हक्कही असतो. हक्क असल्याशिवाय झापता येत नाही.

म्हणून निंदास्तुती हा शब्द मला व्याजस्तुतीपेक्षा नेमका वाटतो. त्यात 'व्याज' नाही. निंदा आणि स्तुती दोन्ही जोडीने उभ्या आहेत, कोणी कोणाचा बुरखा नाही.

आता हे प्रत्यक्ष बोलण्यात घडतं कसं, ते पाहू. मराठीकडे त्यासाठी बरीच अवजारं आहेत, आणि सगळ्यांत धारदार अवजार आहे आदरार्थ. तू, तुम्ही, आपण या पायऱ्या आपण रोज वापरतो, आणि आपल्या माणसाला अचानक एक पायरी वर चढवली की त्याला काहीतरी बोचतं. ज्या घरात नवरा-बायको एकमेकांना 'अरे-अगं' करतात तिथे बायकोने "अहो साहेब, जेवायला येता का?" म्हटलं, की साहेबाने फोन खाली ठेवावा हे उत्तम. ज्या घरात 'अहो' हीच रोजची हाक आहे तिथे हे वाक्य साधं आमंत्रण असतं, तिथे तिरकसपणासाठी दुसरी वाट शोधावी लागते. म्हणजे खूण शब्दात नसते. नेहमीच्या बोलण्यापासून तो शब्द किती सरकला, त्यात असते. म्हणूनच परक्याला ती ऐकू येत नाही. दिलेला मान मात्र मानच राहतो. 'अहो साहेब' म्हणणाऱ्या बायकोने पानही वाढलेलं असतं.

दुसरं अवजार 'म्हणे'. "तो म्हणे अभ्यास करतोय." इथे बोलणारी म्हणत नाही की तो अभ्यास करत नाही. ती फक्त ते वाक्य त्याचं त्याच्या पदरात ठेवते आणि स्वतः एक पाऊल मागे सरते. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्र विल्सन या अभ्यासकांनी 1981 मध्ये असंच काहीसं मांडलं, की उपरोध म्हणजे उलट बोलणं नव्हे. उपरोधात बोलणारा दुसऱ्या कोणाचं तरी म्हणणं, अपेक्षा किंवा विचार प्रतिध्वनीसारखा परत उच्चारतो आणि त्याकडे आपण कसं पाहतो ते दाखवतो. ग्राइसच्या व्याख्येत न मावणारी पुष्कळ वाक्यं या व्याख्येत मावतात. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये, कारण त्या प्रतिध्वनीसाठी आपल्याकडे आयता शब्दच आहे. आणि 'म्हणे' नेहमी संशयाचा नसतो. "त्या राजाला म्हणे सात राण्या होत्या" असं आजी सांगते तेव्हा संशय नसतो, फक्त ऐकीव असल्याची नोंद असते. संशय किती घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोपवलेलं असतं.

'बुवा' आणि 'बाई' यांचंही असंच. "आपल्याला नाही बुवा असलं जमत." यात आपली असमर्थता सांगितली, ती बहुतेक वेळा खरीही असते, आणि ज्याला 'असलं' जमतं त्याच्यावर एक नजरही टाकली.

आणि मग सूर. संस्कृत नाट्यशास्त्रात सुराच्या या वळणाला काकु म्हणतात, ऱ्हस्व उकाराचा काकु. भरताने 'नाट्यशास्त्रा'त त्याचा विचार नटाच्या अंगाने केला, तर नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद केले. ठरलेलं उदाहरण 'वेणीसंहार' नाटकातल्या भीमाचं आहे. मी युद्धात शंभर कौरवांना चिरडणार नाही, असं तो म्हणतो. कागदावर वाचलं तर भीमाने शस्त्र खाली ठेवलं असं वाटेल, रंगमंचावर ऐकलं तर अंगावर काटा येईल. भीमाचा काकु पूर्ण उलटा आहे. घरातला काकु अर्ध्यावर थांबतो. "हुशार आहेस हं!" हे सपाट सुरात कौतुक, चढ्या सुरात टोमणा आणि 'हं' किंचित लांबवून, डोळ्यांत हसत म्हटलं तर दोन्ही: पोराने लबाडी केली हे कळलंय, आणि लबाडी चांगली साधली हेही मान्य आहे.

या सगळ्या बोलण्यांना मराठीने वेगवेगळी नावं दिली आहेत, आणि त्यांतून प्रमाण कळतं. टोमण्यात बोच मुख्य असते, आपुलकी असलीच तर फार थोडी. कुजकट बोलण्यात तीही नसते. चिमटा दुखतो पण जखम करत नाही. कोपरखळी द्यायला माणूस शेजारी बसलेला लागतो, लांबच्या माणसापर्यंत कोपर पोचत नाही, म्हणून कोपरखळीत जवळीक गृहीतच असते. मिश्किल माणूस दोन्ही अर्थ हातात धरून तुम्ही कुठला घेता ते पाहत राहतो. खवचट माणसाला तुम्ही बोचरा अर्थच घ्यावा असं वाटतं. तिरकस या शब्दात फक्त दिशा आहे, हेतू नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो.

या यादीत सगळ्यांत पाहण्यासारखा शब्द म्हणजे 'शालजोडीतला'. सभेत मानकऱ्याला शालजोडी पांघरायची, आणि तिच्यात गुंडाळून जोडा हाणायचा. ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला बोलण्याची फार खोल जाण असली पाहिजे. कारण शाल खोटी नाही. सगळ्यांदेखत ती खांद्यावर पडते, मान मिळतोच. जोडाही खोटा नाही. ज्याला लागतो त्याला लागतो, पण त्याला ओरडता येत नाही, कारण ओरडला तर सभा म्हणणार, अहो, तुमचा तर सत्कार केला!

इथे अर्ध्या उपरोधाची एक काळी बाजू येते आणि ती सांगितली पाहिजे. उच्चारलेला अर्थ जिवंत असल्यामुळे बोलणाऱ्याला त्याच्या आड कधीही लपता येतं. "मी काय वाईट बोलले? तुला शहाणीच म्हटलं ना?" हे वाक्य कित्येक सुनांनी ऐकलं आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने अर्धा उपरोध वापरला, की समोरच्याला दुखावल्याचं सिद्धही करता येत नाही.

पण सत्ता नसलेल्यांनीही हेच साधन वापरलं आहे, आणि तिथे ते किती उपयोगी पडलं ते भोंडल्याच्या गाण्यांत दिसतं. अश्विन महिन्यात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. कारल्याच्या वेलाचं गाणं बहुतेकांना येतं: सुनेला माहेरी जायचं आहे आणि सासू सांगते, आधी कारल्याचं बी पेर, मग त्याला वेल येऊ दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. सून प्रत्येक वेळी नम्रपणे ते करते आणि पुन्हा विचारते. गाण्यात सासूविषयी एक वाईट शब्द नाही. फेर धरलेल्या मुली हसत असतात, आणि त्याच फेरात लग्न होऊन आलेली एखादी असते तिला यातला एकेक टप्पा ओळखीचा असतो. खेळ हा खेळच आहे आणि तक्रार ही तक्रारच आहे. सासू ओसरीवर बसून ऐकत असली तरी तिला हरकत घेता येत नाही.

लिहिताना हे सगळं कठीण होतं, कारण सूर कागदावर उतरत नाही. 1899 मध्ये फ्रान्समधल्या अल्कांतेर द ब्राम या कवीने उपरोधासाठी उलट्या प्रश्नचिन्हासारखं एक विरामचिन्ह सुचवलं होतं. ते रुळलं नाही. अलीकडे इंटरनेटवर इंग्रजीत लिहिणारी तरुण मंडळी वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'एच जे' ही दोन अक्षरं टाकतात, अर्थ असा की हे अर्धं गमतीने आणि अर्धं मनापासून म्हटलंय. अर्ध्यासाठी वेगळी खूण करावीशी वाटली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठी वर्तमानपत्रं कंसात उद्गारचिन्ह टाकतात, पण ते बहुतेक वेळा पूर्ण उपरोधाचं असतं. आपल्या लेखकांनी चिन्हापेक्षा पात्राचा आधार घेतला. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला रत्नागिरीचा अंतू बर्वा सरळ वाक्य बोलतच नाही, पण लेखकाने आपल्याला आधी त्या माणसाची ओळख करून दिलेली असते. त्याची गरिबी, त्याचं एकटेपण कळलं की त्याच्या खवचट वाक्यातला दुसरा अर्धा भाग आपोआप ऐकू येऊ लागतो.

शेवटी एक चाचणी, वापरून पाहता येईल अशी. बोलणं पूर्ण उपरोधाचं आहे की अर्ध्या, हे ठरत नसेल तर त्याला उत्तर काय येतं ते ऐकावं. "दिवे लावलेस!" याला कोणी "कुठले दिवे?" असं उत्तर देत नाही. उच्चारलेल्या अर्थाला तिथे उत्तरच नसतं. आता बऱ्याच दिवसांनी रस्त्यात भेटलेल्या जुन्या शेजारीणकाकू म्हणतात, "तुम्ही काय, मोठी माणसं झालात! आमच्याकडे कशाला याल?" याला जे उत्तर येतं ते जवळजवळ प्रत्येक मराठी घरात सारखंच असतं: "कसली मोठी हो, काकू! अहो, वेळच होत नाही बघा. या रविवारी नक्की येते." पहिलं वाक्य 'मोठी माणसं' या उच्चारलेल्या अर्थाला दिलेलं उत्तर आहे, दुसरं तक्रारीला, आणि तिसरं त्या तक्रारीच्या मागे जी ओढ होती तिला.